ओव्याचे फूल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरगुती औषधांवर चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, वैद्यकी मला येत नाही. पण मुलगी कॉलेजात रसायन शिकते, तिच्याकडून मसाल्याच्या डब्यातल्या एका जिनसेची माहिती वाचून घेतली, तीच सांगते. ती जिन्नस म्हणजे ओवा.

युरोपात माळावर, खडकांतून एक बारीक पानांचे रोप जमिनीसरशी पसरते. त्याचे नाव थाइम. त्याची रानटी जात आपल्या हिमालयातही उगवते. खोकल्यावर त्याचा काढा देण्याची चाल तिकडे जुनी आहे. हे रोप तुळशी-पुदिन्याच्या कुळातले; आपला ओवा धने-जिऱ्याच्या. नातेगोते काही नाही, तरी वास मात्र एक! कारण दोघांच्याही तेलात थायमॉल नावाचे द्रव्य असते. १७१९ साली कास्पार नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने ते थाइमच्या तेलातून वेगळे काढले. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात पांढऱ्या खड्यांचे ‘ओव्याचे फूल’ मिळते, ते हेच.

थाइमचे एक नवल सांगते. दिसायला सारख्या असलेल्या दोन रोपांत द्रव्ये सारखी असतीलच असे नाही. फ्रान्समध्ये माँपेल्ये शहराजवळ रानात उगवणाऱ्या थाइमचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. जिथे हिवाळ्यात कडक हिम पडते तिथल्या रोपांत थायमॉल फारसे नसते. उबदार, कोरड्या उतारावरच्यांत ते भरपूर. तेव्हा नुसते झाडाचे नाव ऐकून औषध ठरवता येत नाही. आपला ओवा त्या मानाने भरवशाचा. शंभर ग्रॅम दाण्यांत दोन ते चार ग्रॅम तेल, आणि त्यात कमीअधिक निम्मे थायमॉल. पहिल्या महायुद्धापूर्वी हा ओवा बोटीने जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढीत.

ते कशासाठी? जंतू मारण्यासाठी. गुळण्यांच्या औषधांत ते आजही असते. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमींविरुद्ध मोठी मोहीम झाली, तेव्हा लोकांना थायमॉलच्याच पुड्या दिल्या. मात्र त्या दिवशी तेल-तूप व दारू वर्ज्य! थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळते, लिटरभर पाण्यात सुमारे एक ग्रॅम. पण तेलात चटकन विरघळते. पोटात स्निग्ध काही असले की ते कृमींवर पडण्याऐवजी माणसाच्या रक्तात जाई आणि विषबाधा होई. पुढे अधिक निर्धोक औषधे आली आणि ते मागे पडले.

आता हे पाहा. या कोरड्या बाटलीत मी ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर एकत्र घालते. तिन्ही कोरडे खडे. हलवत राहा, पाणी न घालता त्यांचा पातळ द्रव होतो. हीच आपली अमृतधारा. किती भगिनींच्या घरी ही बाटली आहे? बहुतेक सगळ्यांच्याच दिसते.

आमच्या आळीत सात महिन्यांच्या एका बाळाचे नाक चोंदले म्हणून असल्याच थेंबांचे बोट नाकाशी लावले. ‘घरचेच तर औषध’ असे सगळ्या म्हणत होत्या. बाळाला झटके आले, धावत दवाखान्यात न्यावे लागले. बाळ वाचले. कापूर लहानग्यांच्या मेंदूला बाधतो, आणि पुदिन्याच्या फुलाने तान्ह्याचा श्वास अडखळू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. चिमूटभर ओव्यात थायमॉल गव्हाच्या दाण्याएवढेही नसते. बाटलीत मात्र अर्कच आहे. तान्ह्याला ती नाकाशी नाही, छातीला नाही, जिभेवर तर नाहीच. बाळाला श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सरळ डॉक्टर गाठावा.

मोठ्यांनी जेवणानंतर चिमूटभर ओवा खावा, भज्यांत-पुऱ्यांत घालावा. ओव्याचे पाणी उकळताना भांड्यावर झाकण ठेवावे, नाहीतर गुण वाफेबरोबर स्वयंपाकघरात फिरतो आणि पेल्यात नुसता रंग उरतो. ओवा वर्षाचा भरू नये, थोडा घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. घेताना दुकानातच चार दाणे तळहातावर चोळून पाहावेत. वास नाकात शिरला नाही तर ते तिथेच परत करावेत. दुकानदार काय म्हणेल ते म्हणो.