घोळणा फुटला तर



आज तुमच्याशी बोलायचे आहे ते नाकातून रक्त येण्याविषयी, म्हणजे आपल्या बोलीत घोळणा फुटण्याविषयी. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. मग या विषयात मी कशाला पडलो, असे तुम्ही विचाराल. तर मी त्यात चौथीत असतानाच पडलो होतो.

मार्च संपत आला होता. शाळा अजून सकाळची झाली नव्हती आणि भर उन्हात कवायत चालली होती. हात वर, हात बाजूला करता करता ओठावर काही कोमट लागले. पुसले तर बोटे लाल. पांढऱ्या सदऱ्यावर थेंब पडले आणि पोरांनी ओरडा केला. गुरुजी धावत आले. त्यांनी मला लिंबाच्या सावलीत उताणे निजवले, मान मागे टाकली, डोक्यावर बादलीभर पाणी ओतवले, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. थोड्या वेळाने नाकातून येणारे रक्त दिसेनासे झाले. सगळ्यांना हायसे वाटले.

पण रक्त थांबले नव्हते. ते बाहेर यायचे सोडून घशावाटे पोटात उतरत होते. अर्ध्या तासाने मला ओकारी झाली, ती काळपट लाल. आई तोवर येऊन पोचली होती. तिने ते पाहिले आणि हंबरडा फोडला. पोराच्या पोटात काही फुटले, असेच तिला वाटले. बैलगाडीत घालून मला पाच किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टर नव्हते, एक परिचारिका होत्या. त्यांनी मला प्रथम उठवून बसवले. "खाली बघ बाळा, तोंडानं श्वास घे," म्हणाल्या; माझे नाक चिमटीत धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. आईला म्हणाल्या, "बाई, घाबरू नका. गिळलेलं रक्तच उलटलंय. पोटात काही फुटलं नाही." पंधरा मिनिटांनी चिमटी सोडली, तेव्हा रक्त थांबले होते.

माझ्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांनी जे पाहिले होते तेच केले. परंतु त्या दिवशी माझ्या आईने जो एक तास काढला, तो कुणाही आईच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे भाषण.

आता आपण शब्दाकडे वळू. तो माझा धंदाच आहे. घोळणा म्हणजे नाकाचा पुढचा मऊ भाग. आपल्या वाडवडिलांनी या दुखण्याला 'डोके फुटणे' म्हटले नाही, घोळणा फुटणे म्हटले. आणि त्यांचे निरीक्षण अचूक होते. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या खालच्या भागात चार-पाच रक्तवाहिन्यांच्या बारीक शाखा एकत्र येऊन त्यांचे जाळे झालेले असते. वर पातळ ओलसर त्वचेचे एक आवरण, बस्स. अमेरिकेतील जेम्स लिटल या शल्यवैद्याने १८७९ साली आणि जर्मनीतील विल्हेल्म किसेलबाख यांनी १८८४ साली या जागेचे वर्णन केले. आजही डॉक्टर या जागेला त्यांच्या नावाने ओळखतात. नाकातून रक्त येण्याच्या दहापैकी सुमारे नऊ प्रसंगी ते याच जागेतून येते. आणि ही जागा बोटांच्या चिमटीत येते! पाटाचे पाणी फुटले तर आपण फुटल्या जागीच माती दाबतो. इथेही तसेच.

मग करायचे काय? मुलाला बसवा. डोके किंचित पुढे झुकवा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा मऊ भाग, म्हणजे घोळणाच, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरा. वरचे हाड दाबून उपयोग नाही. तोंडाने श्वास घ्यायला सांगा. तोंडात रक्त आले तर गिळू नये, थुंकावे. आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटे चिमटी सोडू नका. सगळी मेख इथे आहे. आपल्याला दम निघत नाही. दर मिनिटाला बोट काढून 'थांबले का?' म्हणून बघतो आणि नुकती धरू लागलेली रक्ताची गुठळी आपल्याच हाताने मोडतो. वर्गात हे घडले तर मुलांना एक लांबलचक गोष्ट सांगायला घ्या. मुलगा जाणता असेल तर नाक त्याचे त्यालाच धरायला सांगा. तुम्ही धरणार असाल तर हातात रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. चक्कर येऊन मूल आडवे पडलेच, तर उताणे न ठेवता कुशीवर वळवा, म्हणजे रक्त श्वासनलिकेत जाणार नाही. पंधरा मिनिटांनी सोडून पाहा. रक्त येतच असेल तर आणखी एकदा तितकाच वेळ धरा. तरीही थांबले नाही, तर मात्र दवाखान्याची वाट धरा.

आणि कांदा? डोक्यावरचे पाणी? याला आपल्याकडे म्हण आहे : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डोक्यावर पाणी ओतल्याने मुलाला गार वाटेल, पण फुटलेली जागा काही त्याने दबत नाही. कांद्याच्या झणक्याने शिंक आली तर धरलेली गुठळी उडून जायची. रक्त वाहत असताना नाकात रस, तेल, तूप, तपकीर काहीही घालू नये. कापसाचे किंवा चिंधीचे बोळेही कोंबू नयेत. ते काढताना पुन्हा खपली निघते.

'अंगात उष्णता झाली' असे आपण म्हणतो. त्यात अर्धे खरे आहे. उष्णता आतली नव्हे, बाहेरची. विदर्भात, मराठवाड्यात वैशाखातली कोरडी हवा नाकातला ओलावा शोषून घेते. आतली त्वचा सुकते, तडकते, तिच्यावर खपली धरते. ती खपली बोटाला टोचते, बोट तिथे जाते, नख लागते आणि घोळणा फुटतो. हिवाळ्यातल्या कोरड्या थंडीत आणि सर्दीपडशात जोराने नाक शिंकरल्यानेही असेच होते. म्हणजे उपाय आपल्या हातात आहेत. मुलांची नखे दर आठवड्याला कापा. कोरड्या दिवसांत रात्री निजताना नाकपुडीच्या तोंडाशी आतून व्हॅसलिनचे बोट हलकेच फिरवा. खिडकीला ओला पडदा किंवा वाळ्याचा ताट्या लावा. उन्हाच्या वेळी कवायत ठेवू नका. एकदा रक्त थांबले की चोवीस तास नाक शिंकरणे, कोरणे, जड ओझे उचलणे आणि चुलीपाशी तोंड घालून बसणे टाळावे. चहा घ्यायचा तो निववून घ्यावा.

एक गोष्ट मायबहिणींसाठी. तान्ह्या बाळाच्या नाकात तेलाचे थेंब घालण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ते तेल फुप्फुसात उतरून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. तेवढे कृपा करून सोडा.

इथवर मी दहांतल्या नऊ प्रसंगांविषयी बोललो. आता त्या दहाव्याविषयी. माझे मामा पासष्टीचे. हृदयाच्या दुखण्यासाठी त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या होत्या. एका रात्री नाकातून रक्त सुरू झाले. मी माझी विद्या चालवली : बसवले, झुकवले, नाक धरले. पण रक्त पुढून कमी आणि घशात जास्त उतरत होते. दुसऱ्यांदा धरूनही थांबेना, तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात नाकात खोलवर पट्टी भरली, दोन दिवस ठेवून घेतले. अशा वयात रक्त कधी कधी नाकाच्या मागच्या भागातून येते. तिथे आपली चिमटी पोचत नाही. मामांनी मला विचारले, "त्या गोळ्या बंद करू का रे?" डॉक्टरांनी ते ऐकले आणि बजावले, "मनाने एकही गोळी बंद करायची नाही. ते आम्ही ठरवू." मी हे मुद्दाम सांगतो, कारण गोळ्या परस्पर सोडून दिल्या तर नाकाचे रक्त थांबेल आणि हृदयावर बेतेल.

तेव्हा पुढील प्रसंगी वाट पाहू नका. डोक्याला किंवा चेहऱ्याला मार लागून रक्त आले असेल. ताप आहे, अंगावर लाल ठिपके आहेत, हिरड्यांतूनही रक्त येते आहे, तर तो डेंग्यूही असू शकतो. अशा तापात ॲस्पिरिनची गोळी चुकूनही देऊ नका. फुरसे किंवा घोणस चावल्यानंतर नाकातून रक्त आले, तर विष रक्तात भिनले असे समजा. तिथे नाक धरून बसू नका, थेट रुग्णालय गाठा. रुग्ण पांढराफटक पडला, घामाघूम झाला, किंवा दोन वर्षांखालच्या बाळाला रक्त आले, तरीही तेच. घोळणा वरचेवर फुटत असेल तर एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा ते औषध लावून ती रक्तवाहिनी तिथल्या तिथे बंद करतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत हरभरा, चिंचोका, मणी अडकलेला असतो. खेळण्यातला बटणासारखा सेल असेल तर काही तासांतच नाकाचा पडदा जळतो. त्याला उद्याची वाट पाहणे नाही.

मंडळी, भीती रक्ताच्या रंगाची असते. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असते. सदऱ्यावर सांडलेले दोन-चार चमचे रक्त पाण्यात मिसळले की घागरभर वाटते. मुलाला धीर हवा असतो, आणि तो शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरून मिळतो.

म्हणून शिक्षक मित्रांनो, उद्या शाळेत गेल्यावर एवढे करा. फळ्यावर एक वाक्य लिहा आणि मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या : 'घोळणा फुटला तर बसा, पुढे झुका आणि घोळणाच धरा, घड्याळात पंधरा मिनिटे.' मुले ते घरी नेतील, आयांना सांगतील. माझ्या आईला त्या दिवशी कुणी सांगणारे नव्हते. तुमच्या गावातल्या आईला असावे.