घटस्फोटाचा आकडा आणि माहेरी परतलेली लेक



'हल्ली घटस्फोट फार वाढले' हे वाक्य प्रत्येक मंडपात कानी पडते. मी पडलो बँकेतला कारकून; आकडा पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंदलेले लोक सुमारे साडेतेरा लाख. मात्र घटस्फोट न घेता विभक्त राहणारे पस्तीस लाख, आणि त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुप्पट. असे का? माझ्या मते, पुरुष दुसरे घर मांडतो आणि 'विवाहित' म्हणून मोजला जातो; बाई माहेरी भावाच्या आश्रयाला राहते. तेव्हा काळजी करायचीच तर ती या दुसऱ्या आकड्याची करावी.

आपल्या करवीर नगरीला तरी हा विषय नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा-पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, १९१९ साली काडीमोडीचा. मुंबई प्रांताला हिंदू घटस्फोटाचा कायदा करायला १९४७ साल उजाडावे लागले! पुढे हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलाच्या तुकड्यांतून १९५५ चा विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय त्यात १९७६ साली झाली.

तरीही आपल्याकडे चार पंच बसतात, स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहितात, दोन्हीकडचे सह्या करतात आणि मोकळे झालो असे समजतात. जातीची रूढी न्यायालयात सिद्ध झाली तरच त्या कागदाला किंमत. एरवी लग्न कायम आणि नंतरचे लग्न रद्दबातल. नवरा वारल्यावर दोघीजणी बँकेच्या काउंटरवर येतात तेव्हा हे उमगते. तिथे नॉमिनेशनही पुरत नाही, कारण नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही.

मुलींनो, २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नीला ती स्वतः राहते तिथल्या न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज करता येतो. पोटगीसाठी तर घटस्फोटाचीही अट नाही. जुने कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. अपिलासाठी मुंबईची गाडी धरायला नको.