तळ्याकाठच्या घराचे वर्षासन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'घर पाहावे बांधून' ही म्हण आपणां सर्वांस पाठ आहे. म्हण करणाऱ्याने गोष्ट बांधण्यापर्यंतच सांगितली. बांधलेले घर राखण्यास काय पडते, हे सांगण्याचे त्याने शहाणपणाने टाळले. मुंबई-पुण्यास नोकरी करून निवृत्तीच्या सुमारास सावंतवाडीस मोती तलावाच्या आसपास घर घ्यावे, किंवा तेथील वडिलार्जित घर दुरुस्त करून राहावयास जावे, असा संकल्प आज आपल्या पुष्कळ कुटुंबांत चालू आहे. गावाच्या मध्यभागी पसरलेले ते पाणी, काठावरचा राजवाडा आणि संध्याकाळचा गारवा यांचा मोह न पडेल तरच नवल. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि हा मोह एका रात्रीच्या प्रवासावर येऊन ठेपला. तथापि घराची किंमत एकदाच द्यावी लागते. पाण्याचे वर्षासन मात्र दरसाल पोहोचवावे लागते. त्या वर्षासनाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

सावंतवाडीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपली जुनी घरे चिऱ्याची. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत राहिल्याने टणक होतो. परंतु त्याची छिद्रे काही बुजत नाहीत. तळ्यानजीकच्या सखल जागी पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते, पायातून भिंतीत चढते आणि ओलीचा पट्टा दिसू लागतो. अशा वेळी सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला हटकून मिळतो. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडत असे. सिमेंटखाली ती कोंडते, आणि काही पावसाळ्यांत फुगे येऊन पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे गिलावा करण्याचा खर्च, तो खरवडून काढण्याचा खर्च, आणि शेवटी पुन्हा चुन्याचा खर्च! चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज शोधावा लागतो. तो सापडला तर मजुरी देताना हात आखडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छपराचीही तीच कथा. मे महिन्यात शाकारणी करावी, फुटकी कौले बदलावी, हा नियम आपल्या आजोबांनी चुकविला नाही. परंतु मंगळुरी कौलांचे अनेक कारखाने बंद पडले आहेत, आणि एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. त्यातून वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की सकाळी केलेली शाकारणी दुपारी पुन्हा करावी. शौचकूपाच्या शोषखड्ड्याचा विचार तर घर घेताना कोणीच करीत नाही. जमिनीतच पाणी भरलेले असले की खड्डा शोषून घेणार कोठे? ऐन आषाढात तो उपसण्याची गाडी बोलवावी लागते, आणि विहीर जवळ असेल तर तिचे पाणी तपासून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

मात्र सर्वांत महाग घर कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही सांगू : बंद घर. पूर्वी चुलीचा धूर वाशांना व रिपांना लागे. त्याने लाकूड कोरडे राही आणि किडीला वचक बसे. आता कुलूप लावून दहा महिने आपण मुंबईत, आणि आत वाळवीचा संसार सुखाने चाललेला! घर उघडून वारा लावणाऱ्या माणसाचा पगार आला. दिवा लागो न लागो, विजेचा स्थिर आकार चालूच. नगरपरिषदेची घरपट्टी थकली तर दरमहा २ टक्के शास्ती. शिवाय आयकराची एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आर्थिक वर्ष २०१९-२० पासून दोन घरे स्वतःच्या राहण्याची म्हणून दाखविता येतात. डोंबिवलीस एक, पुण्यास एक आणि सावंतवाडीस तिसरे अशी तीन घरे एकाच नावावर असतील, तर त्यांपैकी एकावर न मिळालेल्या भाड्याचाही कर आकारला जातो.

हे आकडे कोणास भिवविण्यासाठी सांगितले नाहीत. खर्चाने घर बुडत नाही. तो खर्च कोणाचा, हे ठरलेले नसल्याने बुडते. वडिलांच्या पश्चात घर चार भावंडांचे. जो गावी राहतो तो कौले बदलतो, विहीर उपसतो आणि हिशेब मनात ठेवतो. दहा वर्षांनी तो म्हणतो, "घर मी राखले." इतर म्हणतात, "तू फुकट राहिलास." दोघेही खरे बोलत असतात, आणि दोघांपाशीही कागद नसतो. बाहेर कोर्टाची पायरी आणि आत कोसळलेली पडवी, अशी घरे आपणां प्रत्येकास ठाऊक आहेत.

यात बहिणींचा विषय येतो. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि त्या तारखेस वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तेव्हा दुरुस्तीचा विचार भावाभावांत करावयाचा आणि बहिणीची आठवण केवळ हक्कसोडपत्रावर सही हवी असते त्या दिवशी करावयाची, ही रीत आता शोभत नाही. पूर्वीही शोभत नव्हतीच.

चतुर्थीस सर्व भावंडे त्या घरी एकत्र येतात. आरत्या झाल्यावर एक तास वहीसाठी काढावा. वर्षात काय खर्च झाला, कोणी केला, पुढील मे महिन्यात काय करावयाचे आणि कोणी किती द्यावयाचे, हे लिहून सर्वांनी सह्या कराव्या. परदेशी असलेल्या भावंडास त्याची प्रत धाडावी. गावी राहणाऱ्याच्या श्रमांचेही मोल त्याच वहीत मांडावे. कार्यकारिणीस आमची एक विनंती आहे : पुढील स्मरणिकेत जाहिरातींची दोन पाने कमी झाली तरी चालेल, परंतु चुन्याचे काम करणारे गवंडी, शाकारणीचे कारागीर आणि जुन्या मापाची कौले मिळण्याची ठिकाणे यांची यादी सावंतवाडीच्या सभासदांकडून मागवून अवश्य छापावी.