वारीच्या वाटेवर: श्रद्धा, शरीर आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव ‘धर्म आणि स्त्रियांची लैंगिकता’ असं छापलं आहे. हा विषय निघाला की काय बोलायचं, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. धर्मांनी बाईच्या शरीरावर ताबा मिळवला, विटाळ सांगितला, पातिव्रत्य सांगितलं, तिच्या इच्छेला पाप ठरवलं. हे खरं आहे आणि त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही. पण आज मी वाटेत भेटलेल्या तीन बायकांविषयी बोलणार आहे. त्यांची नावं सांगणार नाही, गावंही नाही. शेवटी थोडं स्वतःविषयी बोलेन. ते बोलायला मला बरीच वर्षं लागली, तेव्हा सांभाळून घ्या.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर मी चालते, ती आरोग्यपथकाची कार्यकर्ती म्हणून. आळंदीहून निघायचं, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडायची, मग लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूर. पायाला आलेले फोड, जुलाब, उन्हाचा त्रास, पाळीचे कपडे, ही आमची कामं. पण दिवसभर बरोबर चाललेली बाई रात्री तंबूत शेजारी पाय चोळत बसते, तेव्हा ती जे बोलते ते समुपदेशन केंद्राच्या टेबलापलीकडून कधीच बोलत नाही. टेबलापाशी ती ‘केस’ असते आणि मी ‘मॅडम’. वाटेवर दोघी एकमेकींना ‘माउली’ म्हणतो.

पहिली भेट २०१९ सालची. तरडगावच्या मुक्कामात एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी पाय दाखवायला आली. बारावी झालेली, गळा गोड, दिंडीत अभंगाला पुढे असायची. पायाला फार काही झालेलं नव्हतं. मलम लावून झालं तरी ती उठेना. मग हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते. माझा एका मैत्रिणीवर जीव आहे. बायकोचा नवऱ्यावर असतो ना, तसा.”

मला आनंदच झाला. एवढ्या विश्वासाने कुणी सांगतं, म्हणजे आपलं काम पोचलं, असं वाटलं. मी लगेच सुरू झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे, कलम ३७७ आता तुला लागू होत नाही, हा आजार नाही, तू सज्ञान आहेस, शहरात आमच्या ओळखीचे गट आहेत. सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी कायद्याचं नाही विचारलं, ताई. देवाला चालेल का, ते विचारलं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरला नव्हता आणि आपल्या शिबिरांतही नव्हता. मी काहीतरी पुटपुटले की देवधर्माचं एवढं मनावर घेऊ नये, या कल्पना माणसांनीच तयार केल्या आहेत. ती उठली, माझ्या पाया पडली आणि गेली. मी तिला फोन नंबर दिला होता. फलटणला तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला, असं दिंडीतल्या बायकांनी सांगितलं.

पुढच्या वर्षी कोविडमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्याच टाळेबंदीत एकदा तिचा फोन आला. “लग्न झालं,” एवढंच म्हणाली. मागे कुणाचा तरी आवाज आला आणि फोन कट झाला. नंतर तो नंबर कधी लागला नाही. मी तिला काय द्यायला हवं होतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर चालतो आहे.

२०२१ सालीही पायी वारी नव्हती. २०२२ साली पुन्हा निघाली, तेव्हा सासवडच्या अलीकडे दिवेघाटात एक आजी भेटल्या. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर तुळशीवृंदावन, घाटातसुद्धा माझ्यापुढे. त्यांची आणि माझी गट्टी जमली ती पुढे पंढरपूरपर्यंत. एका रात्री मी त्यांना विचारलं, माळ कधी घातली?

म्हणाल्या, “चौथ्या बाळंतपणानंतर. मालक रातच्याला सोडत न्हवते. अंगात ताकद न्हवती. सासूला सांगितलं तर ती म्हनली, बाईचा जन्मच हाय. मग मी माळ घातली. एकादशीला हात लावायचा न्हाई, दशमीला न्हाई, बारशीला पारणं झाल्याबिगर न्हाई. चातुर्मासात तर न्हाईच न्हाई. त्यांना भ्या वाटायचं. माझं न्हवं, देवाचं.”

मी मनात हिशोब केला. वर्षाच्या चोवीस एकादश्या, प्रत्येकीचे मागचेपुढचे दिवस आणि पावसाळ्याचे चार महिने. निम्म्याच्या आसपास वर्ष त्या बाईने स्वतःसाठी मोकळं करून घेतलं होतं. त्या काळी तिच्याजवळ पोलीस नव्हते, संस्था नव्हती, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नव्हता. आणि आज तरी काय आहे? त्या कायद्यात लैंगिक छळाचा उल्लेख आहे, त्याखाली संरक्षण मागता येतं. पण नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार धरली जात नाही. बायको अठराच्या वर असली की भारतीय दंड संहितेतली ती सवलत २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशीच ठेवलेली आहे. जो ‘नाही’ कायदा अजून पुरता देत नाही, तो या आजींनी तुळशीच्या मण्यांतून मिळवला.

मी त्यांना आणखी एक विचारलं, कारण नुसत्या नकारावर थांबायची आपल्याला सवय आहे. म्हटलं, “आजी, तुम्हाला कधी इच्छा व्हायची नाही?” त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “व्हायची की! पर ती कुनी इचारली?” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, “देवाचं तरी कुठं पटलं? रखुमाई रुसून दिंडीरवनात येऊन बसली, तवा ह्यो हुडकत आला. अजून बी येगळीच उभी हाय.” पंढरपूरला रखुमाईचं देऊळ वेगळं आहे, ते आपण कितीदा पाहिलं असेल. ही कथा अशी वाचायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तिसरी बाई त्याच दिंडीतली, चौतिशीची. वाल्ह्याच्या मुक्कामात पोट धरून आली. तिला अंगावरून जात होतं आणि ती रडत होती, दुखण्यापेक्षा अपराधाने. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिने वारी निघायच्या आधीपासून घेतल्या होत्या. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाल्या होत्या, कशा घ्यायच्या ते कुणी सांगितलं नव्हतं. मध्येच दोन दिवस विसरली आणि रक्तस्राव सुरू झाला. या गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, हेही तिला माहीत नव्हतं. पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या बाईला या गोळ्यांनी धोका होऊ शकतो, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत, हे मी तिला समजावलं. तिने मान हलवली, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना. दुसऱ्या दिवशी नीरास्नान होतं आणि ती म्हणत होती, “मी आता मागं फिरते. माउलींच्या पादुकांजवळ कशी जाऊ?”

आजी ऐकत होत्या. त्यांनी तिला सोयराबाईंविषयी सांगितलं. सोयराबाई म्हणजे चोखोबांची बायको, चौदाव्या शतकातली. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ दोन्ही सोसलेली. देहाच्या विटाळालाच प्रश्न विचारणारा तिचा अभंग आजींना तोंडपाठ होता, तो त्यांनी हलक्या आवाजात म्हटला. मी वैद्यकीय माहितीने जे करू शकले नाही, ते त्या अभंगाने केलं. ती बाई सकाळी आमच्याबरोबर नीरेवर आली. पादुकांच्या जवळ गेली नाही, लांबून हात जोडले. पण मागे फिरली नाही.

मैत्रिणींनो, मी वारीचं गोडवं गायला उभी नाही. ज्या सोयराबाईंचा अभंग आजींनी म्हटला, त्यांच्या चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांची समाधी महाद्वारासमोर पायरीशीच आहे. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवायला बसतात, याची खंत इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’मध्ये लिहून ठेवली आहे. कान्होपात्रेने बिदरच्या बादशहाच्या हाती पडण्यापेक्षा देवापाशी प्राण सोडला, असं आपण कौतुकाने सांगतो. पण बाईला आपलं शरीर वाचवायला मरावं लागतं, यात कौतुक कसलं? आणि जेजुरीला भंडारा उधळताना, देवाला वाहिलेल्या मुरळ्यांच्या पोरीबाळींचं काय झालं, हे विसरून चालणार नाही. आजींना माळेने ‘नाही’ मिळालं, तरी ते देवाच्या नावावर मिळालं, त्यांच्या स्वतःच्या नावावर नाही. हा फरक मोठा आहे.

तरीही प्रश्न उरतो. ज्या बाईकडे एवढंच हत्यार आहे, तिच्या हातातून ते काढून घेऊन आपण तिला काय देतो?

आता माझ्याविषयी. माझी आई वारकरी. सतराव्या वर्षी माझ्याही गळ्यात माळ आली. एमएसडब्ल्यूला मुंबईला आल्यावर, चळवळीच्या बैठकांना जायला लागल्यावर, मी ती काढली. टाकली मात्र नाही. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिली. माझी जोडीदार स्त्री आहे, हे तुमच्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. २०१८ च्या निकालानंतर अशाच एका शिबिरात मी ते सांगितलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, कितीतरी जणींनी मिठी मारली होती. ते मी विसरणार नाही. पण मी रोज हरिपाठ म्हणते, हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही हसाल, ‘अजून हिचं कंडिशनिंग गेलं नाही’ म्हणाल, असं वाटायचं. वारीत भक्ती उघड आणि प्रेम झाकलेलं, चळवळीत प्रेम उघड आणि भक्ती झाकलेली. दोन्हीकडे मी निम्मीच.

त्या तरडगावच्या रात्री माझ्या पर्समध्ये माळ होती. त्या मुलीला ग्रंथातलं प्रमाण नको होतं. ‘मीही तुझ्यासारखीच आहे आणि मीही माळकरी आहे’, एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते मी बोलले नाही. तिचं लग्न थांबलं असतं असं मी म्हणत नाही. पण आपण जगात एकटीच अशी नाही, एवढं तरी ती बरोबर घेऊन गेली असती.

म्हणून २०२२ साली वेळापूरच्या मुक्कामात मी आजींना सांगितलं. माझी जोडीदार बाई आहे, आम्ही आठ वर्षं एका घरात राहतो. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, “भाकरी कोन थापतं?” म्हटलं, आलटूनपालटून. “बरंय,” म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या. पलीकडच्या एका बाईने ऐकलं असावं, तिने सकाळी आपलं अंथरूण उचलून दुसरीकडे नेलं. ते लागलं, खोटं कशाला बोलू? पण वाखरीला पोचताना आजी चालता चालता म्हणाल्या, “तिला का नाही आणलीस वारीला?” एवढंच. त्यांना सगळं पटलं असेल असं नाही. पण त्यांनी मला त्या वाटेवर जागा ठेवली.

आपल्या कामासाठी मी दोन सूचना ठेवते. एक, आपल्या केंद्रांच्या नोंदपत्रकात जात-धर्माचा रकाना आहे, पण ‘तुला आधार कशाचा वाटतो?’ हा प्रश्न नाही. तो विचारू या, आणि उत्तर देव असं आलं तर चेहरा न बदलता लिहून घेऊ या. दुसरं, समलिंगी मुलामुलींशी बोलताना कायदा सांगायचाच, २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क नाकारला गेला तेही सांगायचं. पण पाप-पुण्याचा प्रश्न आला की तो टाळायचा नाही. त्यासाठी आपल्यातल्या ज्या श्रद्धा ठेवतात, मग त्या वारकरी असोत, मुसलमान, ख्रिस्ती वा बौद्ध असोत, त्यांना इथे उघडपणे बोलता आलं पाहिजे. श्रद्धेची चिकित्सा जरूर करा, माझ्याही करा. फक्त ती मला दाराबाहेर उभी करून करू नका.

पुण्यात २००२ साली सुरू झालेल्या एका संस्थेचं नाव ‘समपथिक’ आहे. मला तो शब्द फार आवडतो. एका वाटेने जाणाऱ्यांची मतं एक असावी लागत नाहीत.

आज माळ गळ्यात घालून आले आहे. पुढच्या आषाढीला आम्ही दोघी चालणार आहोत. तरडगावला मी थोडी जास्त थांबेन. ती मुलगी येईल असं नाही, पण तिच्यासारखी दुसरी कुणी पाय दाखवायला येऊन बसली, तर या वेळी माझं वाक्य तयार आहे.