चंद्र दिसला का?

२० जुलै १९६९. अमेरिकेत त्या संध्याकाळी घरोघरी माणसं दूरचित्रवाणी संचासमोर खिळून बसली होती. न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्री १०.५६ला नील आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं. चित्र कृष्णधवल, अंधुक; आधी तर उलटंच दिसलं, कारण यानावरचा कॅमेरा उलटा बसवलेला होता.

आपल्याकडे तेव्हा २१ तारखेची सकाळ होती. दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत. मुंबईत ती आली २ ऑक्टोबर १९७२ला. त्यामुळे आमच्या घरानं चंद्र रेडिओवर ‘ऐकला’. माझा जन्म नंतरचा. हे अब्बा सांगत.

बातमी ऐकून दादी हबकली. म्हणाली, “तिथं माणसं चालायला लागली, आता ईदचा चाँद बघायचा कसा?” अब्बांना उत्तर सुचलं नाही.

डिसेंबरात रमजान संपत आला. दादी गच्चीवर गेली. कोर दिसताच तिनं डोक्यावर पदर घेतला, दुआसाठी हात उचलले आणि खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, “दिसला!”

चंद्रावर कविता लिहिताना मला ते बुटाचे ठसे आडवे येत. मग दादी आठवते. पाऊल पडलं म्हणून चंद्र काही उष्टा होत नाही.