खासगी विमानांचे सारथी

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत कोलंबस शहरीं नेटजेट्स या खासगी विमानांच्या कंपनीचें ठाणें आहे. १९८६ पासून एकाच विमानाचे हिस्से अनेक धनिकांस विकण्याची प्रथा तिनें पाडली आणि १९९८ सालीं वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीनें ती विकत घेतली. एका गाईचें दूध चार घरीं वांटून घ्यावें, तसा हा व्यवहार. विमानास मालक पुष्कळ मिळतात. पण तें चालविणारा वैमानिक टिकवून ठेवणें कठीण, असा या धंद्याचा अनुभव आहे.

त्याचें मूळ ज्येष्ठतेच्या यादींत आहे. मोठ्या प्रवासी कंपन्यांत वैमानिकाचा मार्ग, सुटीचे दिवस, कप्तानाचें आसन, सारें कांहीं तो कोणत्या तारखेस नोकरीस लागला यावरून ठरतें. दहा वर्षें अन्यत्र इमानानें घालविलेला मनुष्यहि तेथें शेवटच्या पायरीवरच उभा राहतो. तेव्हां जावयाचेंच तर आज जावें, असा हिशेब कोणीहि शहाणा तरुण करील. त्यास कृतघ्न म्हणणें सोपें आहे, न्याय्य नाहीं.

त्यांत कायद्याची भर पडली. २००९ च्या फेब्रुवारींत बफेलो शहराजवळ प्रवासी विमान कोसळून ५० माणसें मृत्युमुखीं पडलीं. चौकशीच्या वेळीं वैमानिकांचा थकवा आणि तुटपुंजें वेतन यांचीहि चर्चा झाली. पुढें २०१३ पासून प्रवासी कंपन्यांत सहवैमानिकासहि साधारणतः १५०० तासांच्या उड्डाणांचा अनुभव आवश्यक ठरला. भाड्याच्या लहान विमानावर याहून पुष्कळ कमी अनुभव चालतो. मग तरुणानें तास येथें जमवावे आणि ते भरतांच उठून जावें. मेहनत एकाच्या तालमींत, कुस्ती दुसऱ्याच्या आखाड्यांत!

कांहीं मालक करारनाम्याचा उपाय योजतात. शिक्षणाचा खर्च कंपनीनें करावयाचा. मुदतीपूर्वीं सोडल्यास वैमानिकानें तो फेडावयाचा. अशानें मुदतीपुरता मनुष्य राहतो, एवढेंच.

खासगी वैमानिकास केवळ उड्डाण करून भागत नाहीं. पाहुण्यांच्या पेट्या उचलणें, त्यांच्या फराळाची व्यवस्था पाहणें, धनी सभेंत असेतों विमानतळावर तिष्ठत बसणें, आणि अवेळीं दूरध्वनि वाजतांच निघणें, हेंहि त्याच्याच कपाळीं. सणास आपण घरीं असूं कीं नाहीं हें ज्यास आदल्या दिवशींहि ठाऊक नसतें, त्यास नुसत्या पगारानें किती दिवस धरून ठेवाल? नेटजेट्समध्यें सात दिवस काम आणि सात दिवस सुटी असें जें एक वेळापत्रक आहे, त्याचें मोल येथें कळतें.

अर्थात् पगार हवाच. २०२३ सालीं डेल्टा कंपनीच्या वैमानिकांस नव्या करारान्वयें टप्प्याटप्प्यानें मिळून ३४ टक्के वाढ मिळाली. नेटजेट्सच्या वैमानिकांनींहि त्या वर्षीं निदर्शनें केलीं, आणि २०२४ सालीं कंपनीस त्यांच्या संघाशीं नवा करार करून वेतन वाढवावें लागलें. दोनतीन विमानांच्या लहान मालकास एवढा भार पेलणारा नाहीं. परंतु सुटीचे दिवस महिन्याच्या आरंभीं लिहून देणें आणि ते मोडले जाणार नाहींत हें ग्राहकास बजावणें, एवढें त्याच्याहि हातीं आहे. कारण वैमानिक गेला कीं नवा तयार होईपर्यंत त्याचें विमान जमिनीवर उभें राहतें, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच असतात.