गावचे पाहुणे आणि गावची शाळा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आज अभ्यासक्रमाच्या चौकटीबाहेरचा एक विषय आपणांपुढे मांडावयाचा आहे. पावसाळा लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीची तरुण मंडळी शनिवारी रात्री आसनगावास उतरतात किंवा मुरबाडची वाट धरतात, आणि माहुली, गोरखगड, सिद्धगड यांच्या पायथ्याशी मुक्कामास येतात. त्यांचा मुक्काम पडतो कोठे? पुष्कळदा आपल्याच शाळेच्या पडवीत. सोमवारी प्रार्थनेपूर्वी मुले त्यांच्या मागे राहिलेले कागदी पेले वेचतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

वाटसरू ही आपल्या मुलखास नवी गोष्ट नव्हे. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरास जात असे. नवे आहे ते इतकेच की, आता पाहुणा रीतसर मोल देऊन गावकऱ्याच्या घरी उतरू लागला आहे. अकोले तालुक्यातील पुरुषवाडी हे महादेव कोळ्यांचे गाव या बाबतीत नावारूपास आले. तेथे पावसापूर्वी काजवे पाहण्यास लोक येतात, आणि गावातील कुटुंबे त्यांच्या जेवणाची व निजण्याची सोय करतात. दूर नेपाळात स्यांजा जिल्ह्यातील सिरुबारी या गुरुंग लोकांच्या डोंगरी गावाने 1997 साली हीच वाट धरली. तेथे पाहुण्यांस वेशीवर माळा घालून वाजतगाजत आणतात. मात्र कोणता पाहुणा कोणाच्या घरी जावयाचा, हे गावाची समिती ठरविते. पाहुण्याने मोठे घर निवडावे आणि लहान घराने पाहत राहावे, असे होत नाही.

“पाहुण्याकडून पैसे घेणे ही आपली रीत नव्हे,” असे कित्येक वडीलधारे म्हणतात. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत असे. माझे मत कसे पालटले ते सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका पाड्यावरील शाळेत रुजू झालो. खोली मिळेपर्यंत एका ठाकूर कुटुंबाने मला आपल्या घरी ठेवून घेतले. घरात एकच बाज होती, ती मला दिली. रोज ताटात भात येई आणि मी तो संतोषाने जेवे. दोन महिन्यांनी त्यांचा धाकटा मुलगा वर्गात सहज बोलून गेला, “गुरुजी, तुमच्यासाठी आई शेजारून तांदूळ उसने आणते. आम्ही नागलीची भाकर खातो.” पैशांचा विषय मी एकदा काढला होता, त्यांनी नको म्हटले, आणि मी ते खरे मानले होते! त्या दिवशी मला कळले की, मोल आधी ठरलेले नसले तर ते यजमानाच्या चुलीतून वसूल होते. म्हणून दर ठरवून, तो फळ्यावर लिहून पाहुणा ठेवणाऱ्या गावास मी कमी अगत्याचे म्हणणार नाही.

पाण्याचेही तसेच आहे. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. शहरातील पाहुणा नळाच्या सवयीने दोन बादल्या ओततो. त्या बादल्या कोणाच्या डोक्यावरून आल्या, हे त्यास कोणी तरी सांगितले पाहिजे. आणि आपल्या वर्गातली मुलगी उशिरा आली तर तिच्या घरी काल किती पाहुणे होते, हेही आपण विचारले पाहिजे.

आता आपले काम. समितीचे चिटणीसपद आपण पत्करू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांस जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक यांवाचून अशैक्षणिक कामास लावण्यास मनाई केली आहे, आणि ती रास्त आहे. परंतु हिशेबाची समज देणे हे आपलेच काम. तीस पाहुणे आले, घरटी चार ठेवावयाचे, तर सात घरे भरतात आणि आठव्या घरी दोनच उरतात. पुढच्या खेपेस पहिली पाळी कोणाची, आठव्याची की नवव्याची? हे उदाहरण चौथीच्या वर्गास घालून पाहा. भागाकारातील बाकी मुलांस इतकी कधी समजली नसेल. बाकीवरून भांडणेही होतील. ती होऊ द्यावीत.

एका ठिकाणी मी शाळेच्या वेळेत पाहुण्यांसमोर मुलांचा नाच चाललेला पाहिला. पाहुणे खाऊ वाटत होते आणि मुले हात पसरीत होती. नाच चांगलाच होता, पण तो मुलांचा उरला नव्हता. सणाला, आपल्या अंगणात, आपल्या हौसेने ती नाचोत, आणि पाहुण्याने बाजूस बसून पाहावे. शाळेच्या वेळेत वाटाड्या म्हणून गडावर जाणाऱ्या मुलाबद्दल तर दुमत नसावेच. त्याच्या बापाशी बोलावे, रागावून नव्हे.

उलट मुलांजवळचे ज्ञान शाळेत यावे. शेवळांत काकड का घालतात, हे आमच्यापैकी किती जण सांगू शकतील? तिसरीतील मुलगी सांगते की, नाही तर घसा खाजतो. काजव्यांपुढे विजेरी का लावू नये, हेही मुलांकडून वदवून घ्यावे. काजव्याचा उजेड ही त्याची जोडीदारास घातलेली हाक असते. आपल्या उजेडात ती हरवते.

पडवीपुरते बोलावयाचे तर शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या सभेत हा विषय जरूर घ्यावा. पावसात रात्री अडलेल्यास आसरा नाकारू नये. मात्र जो ठरवून येतो, त्यास गावातले घर दाखवावे. पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या शिवारातील रानभाज्यांची यादी, मुलांच्याच हस्ताक्षरात, सोबत आणावी. शुद्धलेखन आपण सुधारू नये. नावे जशी पाड्यावर म्हणतात तशीच असोत.